घरटी एक खुर्ची

चपला ती गाळ्याबाहेर काढायची आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायची.

फोन तीनदा वाजू द्यायची. पहिल्याच घंटीला उचलला तर समोरच्याला वाटतं आपल्याला काम नाही, असं तिचं म्हणणं.

डाव्या हाताची करंगळी लहानपणी विळ्यानं अधू झालेली. नऊ बोटांनी टाइप करायची आणि दहा बोटांच्या मुलींच्या पुढे असायची.

दर शनिवारी कीबोर्डची बटणं काढून साबणाच्या पाण्यात धुवायची. सुपात पसरून उन्हात ठेवायची. सातिवलीचे टेम्पोवाले गाडी हळू करून बघायचे.

हातांच्या खुर्चीत बसायची नाही. तशी एकच खुर्ची होती आणि ती पाहुण्यांसाठी होती.

'बघू' हा शब्द तिला चालत नसे. हो किंवा नाही.

कुणी आभार मानले की मागे वळून बघायची. दुसऱ्या कुणाला म्हणतायत का ते.

जागृती भोईर. राहणार चांदीप, तालुका वसई. मी तिला जागूताई म्हणायचे. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, तरी माझी मैत्रीण होती. हे 'होती' लिहायला मला तीन आठवडे लागले.

मी तिला भेटले ते २००३ च्या जूनमध्ये. मी नुकतीच बी.ए. झाले होते. तुळिंजला आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे काचेवर हातानं लिहिलेला कागद लावलेला: 'टाइप करणारी माणसे हवीत. शिक्षणाची अट नाही. नजर चांगली पाहिजे.' खाली सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा पत्ता. शेवटच्या वाक्यासाठी मी गेले.

प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या गोदामाशेजारी तिचा गाळा होता. आत अठरा कॉम्प्युटर. पत्र्याखाली चार पंखे. ती टेबलाच्या कडेला उभी होती.

"काय शिकलीस गो?"

"मराठी साहित्य घेऊन बी.ए."

"म्हंजे वाचायला येतं, का वाचायला आवडतं?"

"दोन्ही."

"आवडतं ते घरी ठेवून यायचं. इथं आवडलं की मानूस वाचत बसतो. हात थांबतो."

तिनं मला एक इंग्रजी पान दिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मासिकातलं, कोंबड्या पाळण्याबद्दलचं. जसंच्या तसं टाइप कर, म्हणाली. पानात अंड्यांच्या संख्येचा तक्ता होता. त्याची बेरीज चुकलेली होती. मी ती बरोबर करून टाइप केली. मला वाटलं, खूश होईल.

तिनं आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"मूळ बेरीज चुकली होती. मी दुरुस्त केली."

"तुला कोनी सांगितलं?"

मागच्या खुर्चीवरून एक बाई म्हणाल्या, "शिकलेली आली वाटतं." सगळा गाळा हसला. त्या क्लेमेंटीनबाई. वसईच्या पश्चिमेकडच्या. जागूताईच्या सुरुवातीपासूनच्या जोडीदार.

मी पर्स उचलली. जागूताई म्हणाली, "बस. चूक दिसते तुला. ती कामाची. फक्त हात लावायचा नाय तिला."

काम असं होतं. परदेशातल्या ग्रंथालयांतली जुनी मासिकं, अहवाल, सूचीपत्रं यांची छायाचित्रं सीडीवर यायची. आम्ही ती अक्षर न् अक्षर टाइप करून परत पाठवायची. अंधेरीची एक मोठी कंपनी हे काम बाहेरून आणायची आणि आमच्यासारख्या गाळ्यांना वाटून द्यायची. प्रत्येक पान दोघांनी टाइप करायचं, एकमेकांना न विचारता. मग कॉम्प्युटर दोन्ही पानं ताडून बघायचा. जिथे फरक पडेल तिथे लाल ओळ यायची. लाल ओळ आली की मी मूळ पान काढून बघायचे, कोण बरोबर ते सांगायचे. मला तिनं या लाल ओळींवर बसवलं.

महिन्याभरात माझ्या लक्षात आलं. सगळ्यांत कमी लाल ओळी ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही त्यांच्या होत्या. ते अर्थ लावायला जात नसत. दिसलं ते उतरवत. मी हे जागूताईला सांगितलं.

"तुला आता कळलं?" ती म्हणाली. "मला मोठ्या कंपनीत कळायला दोन वर्षं लागली. हुशार हायस."

ही मोठी कंपनी वेगळी, तीही अंधेरीचीच. तिथे ती दहा वर्षं होती. बारावीवर लागली. चांदीपहून पहाटेची एसटी, मग अंधेरी. रोज. २००१ च्या ऑक्टोबरात एका दुपारी सगळे जेवून परत आले तर गेटवर कागद चिकटवलेला होता. परदेशातली मागणी आटली, कंपनी बंद. दोनशेच्या वर माणसं गेटबाहेर. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. जागूताई वॉचमनपाशी गेली आणि विचारलं, "आतल्या मशिनी कुठं जानार?"

महिन्याभरात त्यांतल्या सहा सातिवलीत आल्या. तिच्या पीएफमधून.

"आणि तुम्ही कशा आलात?" मी क्लेमेंटीनबाईंना एकदा विचारलं.

"मी येडी म्हणून आले. ही म्हणाली, बाय, चल. मी म्हटलं, पगार? ही म्हणाली, चल तर."

आता त्या सहा खुर्च्यांवर कोण बसणार हा प्रश्न होता. जागूताईनं तो गावच्या रिवाजानं सोडवला. चांदीपला बांध फुटला, विहिरीतला गाळ काढायचा असला, की निरोप फिरतो: घरटी एक माणूस. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा. कोण द्यायचा ते घरानं ठरवायचं. ज्या घराला जो मोकळा करता येईल तो. आलेल्याला कुणी विचारत नाही, तुला गाळ काढायचा अनुभव किती.

तिनं नोकरीला माणसं अशीच घेतली. स्वतः घरी जायची. ओटीवर बसायची. "तुमच्याकडनं कोन?" असं विचारायची. उत्तर मिळेपर्यंत चहा घ्यायची नाही. एका घरानं सून दिली. एकानं पोलिओ झालेला मुलगा दिला. एकानं दहावीला तीनदा बसलेली मुलगी दिली आणि वर म्हणाले, "बघ बाय, हिच्याकडनं काय होतं का." तीन महिन्यांत ती मुलगी तासाला नऊ हजार अक्षरं टाइप करत होती. तिच्या वडलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अक्षरं? हिला?"

एका घरातून दुसरं माणूस घ्यायचं नाही. कितीही चांगलं असलं तरी. आधी सगळ्या घरांत एक-एक पगार जाऊ दे, असं तिचं म्हणणं.

सहाच्या अठरा झाल्या. २००४ च्या दिवाळीपर्यंत चाळीस. त्यांतली सव्वीस माणसं चांदीपची होती, एकाच भावकीतली. बाकी चौदा आम्ही तुळिंजच्या फ्लॅटांतले आणि क्लेमेंटीनबाईंच्या बाजूचे. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. चुका शोधणं माझं काम होतं.

त्याच दिवाळीनंतर अंधेरीच्या कंपनीचे सामंत आले. जितेश सामंत. तिशीचे, इस्त्रीचा शर्ट. वाईट माणूस नव्हता. हातांच्या खुर्चीत बसले.

"मॅडम, मोठं काम येतंय. पाच वर्षांचं. साठ सीट्स अजून लागतील."

जागूताईनं मान हलवली. पण तिचे हात थांबले. ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"पण इथे नको," सामंत म्हणाले. "अंधेरीत आमचा फ्लोअर रेडी आहे. तुमची बेस्ट वीस मुलं द्या. तुम्ही मॅनेजर म्हणून या. बाकीचे आम्ही घेऊ, ग्रॅज्युएट्स."

"आनि इथली वीस?"

"ती बघू ना."

"बघू नाय. हो का नाय?"

सामंत हसले. "नाही, मॅडम. मग हा गाळा कशाला?"

"मग माजं पन नाय. साठ खुर्च्या हव्यात तर इथं टाका. बाजूचा गाळा रिकामा हाय."

"मॅडम, तुम्ही समजून घ्या. तुमच्याकडे सगळे एकमेकांचे मामा-काका आहेत. गाव म्हणजे कंपनी नव्हे."

"मी दहा वर्षं कंपनीत होते, साहेब. ती एका दुपारी बंद झाली. गाव अजून चालू हाय."

मागे कुणीतरी खोकलं. क्लेमेंटीनबाईंनी डोळे वटारले.

ती बोली तिनं कुणासाठी बदलली नाही. सामंतांशी तसंच, बँकेत तसंच. मी सुरुवातीला तिच्यासाठी लाजायचे. नंतर माझीच लाज वाटली.

शेवटी ठरलं. सामंत तीन दिवस येऊन बसतील. त्यांनी आणलेली पानं आम्ही टाइप करायची. तीच पानं त्यांचा अंधेरीचा फ्लोअरही टाइप करेल. चुका मोजायच्या. आणि तिन्ही दिवस चाळीसच्या चाळीस खुर्च्या भरलेल्या हव्यात. जमलं तर साठ खुर्च्या सातिवलीत. नाहीतर सगळं काम अंधेरीत, आमच्या चाळिसांचंही. मंगळवार ठरला, तेवीस नोव्हेंबर.

त्या मंगळवारी पहाटे चांदीपला बळीराम भोईर गेले. जागूताईचे सख्खे काका. सत्तरीचे. मळणी आटोपून निजले ते उठले नाहीत.

मी साडेआठला गाळ्यावर पोचले. जागूताई आली होती. डोळे सुजलेले. क्लेमेंटीनबाई तिच्याजवळ उभ्या होत्या. नऊ वाजले. चौदा जण आले. सव्वीस खुर्च्या रिकाम्या.

कुणी दांडी मारली नव्हती. भावकीतला थोरला माणूस गेला होता. त्या दिवशी घरातून कुणी कामाला जात नाही. सव्वीस घरं, पण भावकी एक. घरटी एक माणूस घेताना जागूताई घरं मोजत गेली होती. मरणात सगळी घरं एकच असतात हे मोजलं नव्हतं.

"तू कशाला आलीस?" मी विचारलं. "घरी जा ना."

"साहेब येतील. त्यांना कोन सांगेल?"

"मी सांगते."

"तू मऊ सांगशील."

सामंत साडेनऊला आले. दारातच थांबले. रिकाम्या खुर्च्या बघितल्या. मोजल्याही असतील.

"माझे काका वारले पहाटे," जागूताई म्हणाली. "सव्वीस घरांना सुतक हाय. चौदा हजर हायत."

"ओह. सॉरी, मॅडम." ते खरंच वरमले. "पण मला फोन करायचा होता."

"केला असता तर तुम्ही आला नसता."

"अर्थातच."

"मग बघितलं नसतं. आता बघितलं. जे हाय ते हाय."

सामंत बसले नाहीत. "मॅडम, मला वाईट वाटतं. पण मी म्हणालो होतो तेच हे. उद्या परदेशातल्या क्लायंटला मी काय सांगू? काका गेले?"

"सांगा. त्यांच्याकडं काका मरत नाय का?"

"रिपोर्टमध्ये मी जे पाहिलं तेच लिहिणार."

"तेच लिहा. अजून नऊ दिवस सुतक हाय. रोज कोन हजर, ते मी लिहून पाठवते. ते पन जोडा."

सामंत गेले. मोजणीच्या पानांची सीडी टेबलावर राहिली. जागूताईनं ती क्लेमेंटीनबाईंच्या हातात दिली. "चौदा जनांना वाट." मग चपला घालून चांदीपला निघाली. मीही गेले.

अंगणात बाया बसलेल्या. पुरुष स्मशानातून परत येत होते. जागूताईला बघून एक चुलत भाऊ मोठ्यानं म्हणाला, "आली बाय. काका ताटीवर आनि ही कारखान्यात." तिनं ऐकून घेतलं. पुतळाबाईंजवळ, म्हणजे काकीजवळ, जाऊन बसली.

दुपारी पुरुष अंघोळी करून ओटीवर बसले. तेव्हा तिनं उभं राहून विचारलं, "उद्या कामाला यायचं का?"

मी खाली बघत होते.

"सुतकात?" तोच चुलत भाऊ.

"सुतकात देवाला शिवायचं नाय. कॉम्प्युटर काय देव हाय?"

"मग दसऱ्याला हळद-कुंकू कशाला लावता त्याला? झेंडू कशाला घालता?"

दोघं-तिघं हसले. प्रश्न बिनतोड होता. गेल्या महिन्यातच आम्ही चाळीस कॉम्प्युटरांना हार घातले होते.

आतून पुतळाबाई बोलल्या. आवाज बसलेला. "नांगराला पन हळद-कुंकू लावतो. माजी सासू लावनीच्या दिवसांत मेली. तिसऱ्या दिवशी आमी सगळी चिखलात होतो. हा गेलेला मानूसच बोलला होता, रोपं थांबत नाय म्हनून. जा सगळी. घरात बसून तो येनार हाय का?"

बुधवारी सकाळी नऊला चाळीस खुर्च्या भरल्या. सव्वीस जणांची तोंडं उतरलेली. दाढ्या वाढायला सुरुवात. गाळ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, फक्त बटणं. दुपारी लाल ओळी नेहमीपेक्षा कमी आल्या.

एरवी सीडी आठवड्यातून एकदा जायची. जागूताईनं ती रोज पाठवायला सुरुवात केली. न्यायची मी. प्रत्येक सीडीला एक चिठ्ठी टाचलेली. पहिली दोन दिवसांची एकत्र होती:

'सुतकाचा पहिला दिवस. हजर चौदा.
सुतकाचा दुसरा दिवस. हजर चाळीस.'

सामंतांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

'सुतकाचा तिसरा दिवस. हजर चाळीस.'

'सुतकाचा चौथा दिवस. शुक्रवार. सातिवलीत वीज नाही. हजर कोणी नाही. दर शुक्रवारी नसते.'

"हे मॅडमनी लिहिलंय की तुम्ही?" सामंतांनी विचारलं.

"त्यांचं अक्षर आहे."

"मला वाटलं टोमणा आहे."

"टोमणाही असेल."

सातव्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी मला बघून स्वतःच विचारलं, "आज कितवा?" त्यांच्या टेबलावर चिठ्ठ्या एकाखाली एक लावलेल्या होत्या.

दहावा दिवस दशक्रियेचा. पुरुष मंडळी सकाळी नदीवर. मी म्हटलं, "ताई, आज चिठ्ठी नको. किंवा नुसतं चाळीस लिही. दुपारी होतीलच ना सगळे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अंड्यांची बेरीज पुन्हा दुरुस्त केली होती. मग लिहिलं:

'सुतकाचा दहावा दिवस. नऊ ते साडेअकरा हजर एकवीस. पुढे हजर चाळीस. राहिलेलं काम उद्या शुक्रवारी जनरेटर लावून भरून देऊ.'

सामंतांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मला चहा मागवला.

पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला. मी शेजारीच होते. त्यांच्या फ्लोअरपेक्षा आमच्या चुका कमी होत्या. थोड्याथोडक्या नाही. बाजूचा गाळा घ्या, म्हणाले. साठ खुर्च्या सातिवलीत. "पण मॅडम, एक अट. सगळे एका गावातले नकोत."

"ते मी तुमच्या आधी ठरवलंय," ती म्हणाली. "बारा दिवस दुसरं काय करत होते?"

फोन ठेवला. मग बाहेर जाऊन बादल्यांच्या गोदामाला टेकून उभी राहिली. पाच मिनिटं. आत आली तेव्हा डोळे कोरडे होते.

तिनं वहीत नवा नियम लिहिला. घरटी एक, तो कायम. पण नव्या साठांत एका भावकीतून दहाच्या वर नाहीत. आणि चांदीपच्या भोईरांतून आता एकही नाही. सव्वीस पुरे.

यावर गाव चिडलं. ज्या घरांतून अजून कुणी लागलं नव्हतं ती घरं थांबून होती. तोच चुलत भाऊ, धनेश, गाळ्यावर आला. त्याच्या घराचा नंबर पुढचा होता.

"आमचं मरन नडलं का तुला?" तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"नडलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"काकीनं तुजी बाजू घेतली. आनि तू परक्यांना खुर्च्या वाटतेस?"

"काकीनं तुमची पन घेतली. दुसऱ्या दिवशी सव्वीस आले नसते तर आज चाळिसातलं कोनीच नसतं. अशी पाळी पुन्हा आनायची नाय मला. दोन वर्षांनी शंभराच्या वर गेलो की पहिला तुज्या घरी येते."

"दोन वर्षं!"

"हो. बघू नाय बोलले."

धनेश पाय आपटत गेला. वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं लागलं होतं. जेवताना डबा उघडून तशीच बसायची. पण नियम बदलला नाही.

२००५ सालभर ती घरं फिरली. स्कूटी घेतली होती. दर शुक्रवारी, वीज नसायची त्या दिवशी. पारोळ, उसगाव, भाताणे, शिरवली, इकडे तुळिंजच्या चाळी, तिकडे क्लेमेंटीनबाईंची गावं. मी बरोबर असायचे. तीच ओटी, तोच प्रश्न. "तुमच्याकडनं कोन?" फ्लॅटमधल्या लोकांना हा प्रश्नच कळायचा नाही. ते मुलांची प्रमाणपत्रं पुढे करायचे. ती बघायची नाही. "कोन मोकळं हाय ते सांगा." एका बाईंनी विचारलं, "माझं वय एक्केचाळीस आहे, चालेल?" ती म्हणाली, "डोळे किती वर्षांचे हायत?"

मधली भिंत फोडली. दोन गाळ्यांचा एक झाला. माणसं आली, शिकली, बसली. २००६ च्या जानेवारीत साठांतल्या एकोणसाठ खुर्च्या भरल्या होत्या.

एक राहिली होती. शिरवलीच्या श्रीपतची. श्रीपतला दोन मुलगे. दोघेही बारावी झालेले, दोघेही शेतावर. तो म्हणाला, द्यायची तर दोघांना दे.

"घरटी एक नियम हाय, श्रीपतकाका."

"एकाला पंख्याखाली बसवशील, दुसऱ्याला चिखलात ठेवशील. सहा महिन्यांत दोघांची चूल वेगळी होईल. तुजा नियम घर फोडनारा हाय."

ती दुसऱ्यांदा गेली. श्रीपतनं तेच सांगितलं. चहा आला, तिनं घेतला नाही. उत्तर मिळालं नव्हतं. मी वाटेत म्हटलं, "सोड ना. तुळिंजला पन्नास घरं वाट बघतायत. एक खुर्ची कुणालाही दे."

"तो बरोबर बोलतोय," ती म्हणाली. स्कूटी चालवत होती, तोंड दिसत नव्हतं. "माजा नियम चुकतोय. कुठं ते कळत नाय."

हे शुक्रवारचं बोलणं. सोमवारी संध्याकाळी सहाला ती गाळा बंद करून निघाली. सातिवलीच्या वळणावर समोरून टेम्पो आला. छत्तीस वर्षांची होती.

मंगळवारी अंत्यविधी. मी चांदीपला जायला निघाले होते. क्लेमेंटीनबाईंनी घरी फोन केला. "गाळा उघडायला पायजे. तू ये. मग दोघी जाऊ." मला त्यांचा राग आला. तरी गेले.

नऊ वाजता गाळ्याचं शटर उघडलं. सव्वीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तेच सव्वीस. बाकीचे येत गेले. पारोळहून आले, भाताण्याहून आले, पश्चिमेकडच्या गावांतून आले. जो तो जाऊन बसला. एक्केचाळीस वर्षांच्या त्या बाई रडत होत्या आणि टाइप करत होत्या. त्यांच्या पानावर एकही लाल ओळ आली नाही. मी तपासलं.

गाळ्याचा मालक दारात येऊन हळहळला. "फार वाईट झालं. आता काय, बंदच होणार. मला जरा आधी सांगा, दुसरी पार्टी आहे."

"मोजा," क्लेमेंटीनबाई म्हणाल्या.

"काय?"

"आत या आणि माणसं मोजा. मग पार्टीला सांगा."

तो आत आला नाही.

अकराला सामंतांचा फोन आला. आज काम नको, म्हणाले, आम्ही समजू शकतो. मी चिठ्ठीचा कागद घेतला आणि वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, "सुतकाचा पहिला दिवस. हजर त्र्याहत्तर." मग आम्ही दोघी चांदीपला गेलो. अंगणात धनेश सरपण फोडत होता. कुणाला हात लावू देत नव्हता.

गाळा चालू आहे. क्लेमेंटीनबाई चालवतात. मी अजून लाल ओळींवर आहे. लोक विचारतात, किती दिवस चालेल. मी त्यांना पत्ता देते.

तिची नव्या घरांची वही माझ्याकडे आहे. एकोणसाठ पानांवर घराचं नाव, माणसाचं नाव, बसल्याची तारीख. साठावं पान शिरवलीचं. त्यावर शनिवारी रात्री किंवा रविवारी तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे:

'श्रीपत. मुलगे दोन. खुर्ची एक. खुर्ची माणसाला नाही, घराला द्यायची? एक महिना एकानं, एक महिना दुसऱ्यानं. सामंतांना चालेल का. पगार एकाच्या नावावर की आईच्या. दोघांना शिकवायला सहा महिने. शुक्रवारी जाऊन विचारायचं.'

खाली दोन ओळी.

'धाकटा – नजर चांगली.'

'थोरला –'